बंद दुकानातला नाश्ता

१

त्या खोलीत सकाळ सरळ येत नसे. खिडकी पश्चिमेला होती आणि गल्लीपलीकडे काचेची एक उंच इमारत. सूर्य आमच्या पाठीमागे कुठेतरी उगवे, त्याचा उजेड आधी त्या काचांवर पडे आणि तिथून परतून आमच्याकडे येई. त्यामुळे तो उसना वाटे. पहिल्यांदा तो छताला लागे आणि रंगाच्या सुटलेल्या पोपड्यांच्या कडा दाखवी. मग कपडे वाळत घालायच्या नायलॉनच्या दोरीवर उतरे, मग पाण्याच्या बाटलीत शिरून भिंतीवर थरथरत राही. जमिनीपर्यंत पोहोचायला त्याला बराच वेळ लागे आणि पोहोचल्यावरही तो ऊब आणत नसे. भिंतीलगतच्या लोखंडी खाटेवर तो सगळ्यांत शेवटी येई. त्या खाटेवर आता कोणी झोपत नव्हते. गादी गुंडाळून ठेवलेली होती आणि जाळीतून गाळलेला उजेड खाली फरशीवर चौकडीचौकडीने सांडलेला असे. मी अंथरुणात पडून ते पाहत राही. उठायची घाई नसे, कारण उठून करण्यासारखी गोष्ट एकच होती: आईच्या फोनची वाट पाहणे.

फोन आला.

"आला बघ मेसेज," आई म्हणाली. "आत्ता कापले गेले पैसे. खाल्लं त्यानं. रुसलाय कार्टा, पण खातोय."

ती खाट माझ्या थोरल्या भावाची होती. दादा छपाईयंत्रांचा मेकॅनिक. त्याच्या कंपनीने एक यंत्र परदेशातल्या या शहरात विकले होते, ते बसवून चालू करून देण्यासाठी त्याला काही आठवड्यांकरता पाठवले होते. काम पुरे झाले, त्याने लॉज सोडले आणि संध्याकाळच्या विमानाने तो घरी यायचा होता. तो आला नाही. त्याचा फोन बंद होता आणि बंदच राहिला.

मात्र रोज सकाळी आईच्या फोनवर मेसेज येत राहिला. या शहरात रोख पैसे कोणी हातात धरत नाही. परका पाहुणा आपल्या देशातले कार्ड फोनला जोडतो आणि दुकानदारापुढे फोन धरतो. यंत्र एक आवाज करते आणि व्यवहार संपतो. दादाचे कार्ड आईबरोबरच्या संयुक्त खात्याचे होते, म्हणून इकडे त्याने घोट घेतला की तिकडे घरी आईला कळे. सकाळचे पैसे नाश्त्याचे, हे त्यानेच तिला सांगितले होते. घरून निघण्याआधी लग्नाच्या विषयावरून दोघांचे चांगलेच वाजले होते. तेव्हा घरात सगळ्यांनी ठरवून टाकले की तो रुसून तिथेच राहिला आहे. पोलिसांनीही तक्रार नोंदवून घेतली नाही. खर्च करणारा माणूस हरवलेला धरता येत नाही, असे ते म्हणाले.

मी त्याची समजूत काढायला आलो होतो आणि लॉजमधल्या त्याच्याच खोलीत उतरलो होतो. मला अनोळखी माणसांशी बोलता येत नाही, ओळखीच्यांशीही फारसे नाही. तरी आलो, कारण दुसरे कोणी उरले नव्हते.

२

मला एक दुभाषी बाई भेटल्या. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, अर्धे आयुष्य याच शहरात काढलेल्या. कोर्टात, इस्पितळात, पोलीस ठाण्यात आपल्याकडच्या माणसांचे बोलणे त्या तिकडच्या भाषेत पोहोचवत.

"मॅडम म्हणू नकोस," पहिल्याच भेटीत त्यांनी बजावले. "मॅडम म्हटलं की माणसं माझ्याशी खोटं बोलायला लागतात. मावशी म्हण."

"बरं, मावशी."

"कुठे कुठे विचारलंस? इस्पितळांत?"

"तिथं कशाला? तो रोज नाश्ता करतोय."

त्या माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "ठीक. नाश्त्यापासून सुरू करू."

मेसेजात एका कंपनीचे नाव येई. ते नाव कुठल्या दुकानाचे, हे लांब्याने ओळखले. लांब्या म्हणजे दादाचा खोलीतला जोडीदार, आपल्याच भाषेचा, एका हॉटेलच्या भटारखान्यात भांड्यांपासून भाजीपर्यंत सगळे करणारा. दारातून आत येताना त्याला मान वाकवावी लागे आणि ती सवय त्याला बाहेरही सुटली नव्हती.

"स्टेशनच्या कोपऱ्यावर नाश्त्याचं दुकान आहे ना, त्याच्या पावतीवर हेच नाव असतं," तो म्हणाला. "आम्ही दोघं रोज तिथंच. मीच शिकवलं त्याला फोन दाखवायला. आधी घाबरायचा. म्हणायचा, लांब्या, हे टुंग वाजलं की काळजात कळ येते रे."

"त्याच्या फोनचं कुलूप तुला उघडता येतं?" मावशींनी सहज विचारले.

लांब्याने मान वर केली. मग म्हणाला, "येतं. त्यात काय? मीच तर घालून दिलं."

लॉजचा मॅनेजर जाडसर आणि कंटाळलेला होता. खोली सोडून गेलेल्या माणसाविषयी बोलणे त्याला फुकटची मजुरी वाटत असावी. "सकाळी बॅग घेऊन गेला," तो मावशींमार्फत म्हणाला. "किल्ली दिली, हसला. शिट्टी वाजवत होता. मी त्याला म्हटलं, शिट्टी बाहेर."

रुसलेला माणूस शिट्टी वाजवत जातो का? हा प्रश्न मला पडला आणि मी तो बाजूला सारला.

नाश्त्याच्या दुकानातल्या बाईने दादाचा फोटो हातातही घेतला नाही. ओल्या हाताने दुरूनच पाहिला आणि मान हलवली. ती जे बोलली ते मावशींनी सावकाश मराठीत आणले.

"म्हणतेय, चेहरे कोण बघतं आता? हात येतो, हातात फोन असतो, यंत्र वाजतं. पूर्वी लोक सुटे शोधायचे, तेवढ्यात दोन शब्द व्हायचे. तेव्हा कुणाला सर्दी झालीय तेसुद्धा मला कळायचं. आता माझ्यापुढून कोणीही जाईल. माझा नवरा रांगेतून आला तरी मी त्याला 'पुढचा या' म्हणेन."

ती हसली. मावशीही थोड्या हसल्या. मला हसू आले नाही.

३

दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानासमोरच्या बाकावर बसलो. वाफेने भरलेल्या काचेमागे बाईचे हात पेले उचलत होते. समोरची रांग मुक्याने पुढे सरकत होती. प्रत्येकाच्या हातात फोन, प्रत्येक चेहऱ्यावर त्या फोनचाच फिकट निळा उजेड. मी एकेक चेहरा निरखत होतो. तिशी ओलांडलेला प्रत्येक सावळा पुरुष क्षणभर दादा होई आणि मग होत नसे.

माझा फोन वाजला.

"आला मेसेज," आई म्हणाली. "तू दुकानापाशी आहेस ना? दिसला का?"

समोर रांगेत एक शाळकरी मुलगी, दोन म्हातारे आणि गणवेशातली एक परिचारिका होती. दादा नव्हता.

"दिसला का रे?"

"गर्दी आहे, आई," मी म्हणालो.

मावशींनी सगळे ऐकले होते. "पैसे देताना फोनवर दाखवायचा कोड दर मिनिटाला बदलतो," त्या म्हणाल्या. "त्याचा फोटो काढून चालत नाही. म्हणजे आपले कॉल लागत नसले तरी चालू फोन कुणाच्या तरी हातात हवा. आणि हात तुझ्या दादाचा नाही, हे तर आत्ता आपण पाहिलं."

"मग चोरी झाली असेल."

"असेल." त्या बाकावरून उठल्या. "आईला सांग, सगळे मेसेज पाठव म्हणावं. तो इथं आल्यापासूनचे. आणि एक सांग, तुझा दादा वेळेचा पक्का आहे का?"

"तो? शाळेत त्याचं नाव 'दुसरी घंटा' पडलं होतं. पहिल्या घंटेला तो कधी कुणाला दिसलाच नाही."

मावशींनी हे कुठे लिहून घेतले नाही, पण त्यांचे डोळे बारीक झाले.

त्या संध्याकाळी लांब्या कामावरून परतला तेव्हा त्याच्या अंगात दादाचे निळे जाकीट होते. कोपराला आईने लावलेले ठिगळ मी ओळखले.

४

"काढ ते," मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला.

"अरे, त्यानंच दिलं. बॅगेत जागा नव्हती."

"आणि फोनही त्यानंच दिला?"

लांब्याने जाकीट काढून खाटेवर ठेवले. घडी घालून ठेवले, म्हणून मला अधिक राग आला. "माझ्याकडे माझाच फोन आहे," तो म्हणाला. "झडती घे. भटारखान्यात ये, तिथंही घे. तुला चोर पाहिजे ना, मी उंच आहे, लगेच सापडेन."

"बसा रे दोघं," दारातून आत येत मावशी म्हणाल्या. त्यांच्या हातातल्या फोनवर आईने पाठवलेले मेसेज होते. "लांब्या, तू नाश्त्याला रोज काय घेतोस?"

"कधी एक पेला, कधी दोन. भूक असली तर अंडं. पगार झाला की दोन अंडी."

"याचा दादाही तसंच खायचा?"

"दादा? तो माझ्याहून खादाड. एखाद्या दिवशी नुसता चहा, एखाद्या दिवशी दोन माणसांचं. त्याच्या पोटाला वेळापत्रक नव्हतं."

मावशींनी मान हलवली. "आधीचे मेसेज तसेच आहेत. कधी कमी, कधी जास्त, कधी सकाळी, कधी उन्हं वर आल्यावर. पण लॉज सोडल्यापासून रोज तीच रक्कम. रोज त्याच मिनिटाला."

"आई म्हणते, आता शहाणा झालाय, वेळेवर खातो."

"आईला म्हणू दे." त्यांनी चष्मा काढून पुसला. "उद्या तिघं जाऊ. लांब्या, तू माझ्या डाव्या हाताला उभा राहायचंस, दोन्ही हात खिशाबाहेर. मेसेज आला आणि तुझे हात रिकामे असले, तर हा तुझी माफी मागेल."

लांब्या माझ्याकडे न पाहता म्हणाला, "माफी नको. जाकीट नेऊन त्याला दे. थंडीत गेलाय तो तसाच."

सकाळी आम्ही कोपऱ्यावर पोहोचलो तेव्हा दुकानाचे शटर खाली होते. वर एका दिवसाच्या सुट्टीचा कागद चिकटवलेला. फूटपाथ कोरडा, काचेवर वाफ नाही, रांग नाही. लांब्या दोन्ही हात पुढे धरून उभा होता, कुणी त्याच्या हातावर काही ठेवणार असल्यासारखा. मला त्या शटरकडे पाहून हायसे वाटले, हे कबूल केले पाहिजे. आज काहीच कळणार नव्हते.

तेवढ्यात माझ्या खिशात फोन थरथरला.

"आला मेसेज," आई म्हणाली.

५

आम्ही तिघेही त्या बंद शटरकडे वळलो.

"बंद दुकानात नाश्ता कोण देतं?" लांब्या पुटपुटला. त्याने हात खाली केले.

मावशी शटरजवळ गेल्या. कडेच्या पाटीवर कंपनीचे तेच नाव होते. पाटीच्या खाली एक बाण स्टेशनच्या आत दाखवत होता. मावशी बाणाच्या दिशेने चालू लागल्या आणि मागे वळूनही न पाहता बोलत राहिल्या.

"आपण उलट्या टोकानं सुरुवात केली. रोज पैसे जातायत, म्हणजे रोज कुणीतरी देतंय, असं धरलं. मग तो दादा, नाहीतर चोर. पण भूक लागलेला माणूस रोज त्याच मिनिटाला, तेवढंच खात नाही. चोर तर मुळीच नाही; चोर पहिल्याच दिवशी मोठा हात मारतो. हे हातानं होतच नव्हतं. एकदाच कुणीतरी परवानगी दिली, आणि तेव्हापासून यंत्र आपापलं घेतंय."

"कसली परवानगी?"

त्या थांबल्या. समोर, तिकीटखिडक्यांच्या पलीकडे, राखाडी लोखंडी कप्प्यांची भिंत उभी होती. प्रवाशांचे सामान ठेवायचे लॉकर. प्रत्येक कप्प्यावर एक लहान दिवा. वर, मोठ्या अक्षरांत, तेच नाव.

"दुकान त्यांचंच, लॉकर त्यांचेच, पैसे एकाच खात्यात जातात," मावशी म्हणाल्या. "सामान ठेवताना एकदा फोन दाखवायचा. यंत्र विचारतं, रोजचं भाडं आपोआप कापू का? परका माणूस प्रत्येक प्रश्नाला हो म्हणतो. भाषा येत नसली की तेवढं एकच बटण त्याच्या ओळखीचं असतं. मीसुद्धा इथं आले तेव्हा काय काय हो म्हणून बसले होते, देव जाणे."

माझे लक्ष त्या दिव्यांकडे होते. बहुतेक हिरवे होते. काही लाल, म्हणजे भरलेले. त्या लाल दिव्यांपैकी एकामागे माझ्या भावाची भूक ठेवलेली होती, जी इतके दिवस आईला वेळेवर भागताना दिसत होती.

"म्हणजे त्यानं बॅग ठेवलीय," मी म्हणालो. "म्हणजे तो परत येऊन ती घेणार आहे."

मावशी कर्मचाऱ्याच्या खिडकीकडे वळल्या. लांब्या मात्र खाली मान घालून उभा राहिला, दार नसलेल्या जागीही.

६

परवानग्या मिळवण्यात दुपार गेली. ते सगळे सांगत बसण्यात अर्थ नाही. शेवटी एक पोलीस अधिकारी आला, लॉकरवाल्या कर्मचाऱ्याने एक दार उघडले आणि आतून घरातल्या कपाटाचा वास आला.

दादाची बॅग उभी होती. तिच्या पुढच्या कप्प्यात पासपोर्ट, पाकीट, विमानाचे तिकीट, कंपनीचे ओळखपत्र, घरची किल्ली. बॅगेत कपडे, यंत्राच्या फटी मोजायच्या पात्यांचा जुडगा तेलकट फडक्यात गुंडाळलेला, आणि सगळ्यांत वर एका पिशवीत मऊ तळव्याच्या चपला. चपलांच्या आत घडी केलेला एक वर्तमानपत्राचा तुकडा होता. त्यावर पेन्सिलीने एका पावलाची रेघ काढलेली होती. उजव्या अंगठ्याजवळचा बाक मी कुठेही ओळखला असता. आईच्या टाचा दुखतात. साध्या चपला तिला चालत नाहीत.

"रुसला नव्हता तो," लांब्या म्हणाला.

अधिकाऱ्याने मावशींना काहीतरी विचारले. त्या माझ्याकडे वळल्या.

"ऐक. संध्याकाळचं विमान. मधला अख्खा दिवस मोकळा. ओझं कशाला वागवायचं, म्हणून त्यानं सगळं इथं ठेवलं. पाकीटही ठेवलं, कारण या शहरात पाकीट लागत नाही. नुसता फोन पुरतो. त्याचं नाव जिथं जिथं लिहिलेलं होतं ते सगळं या कप्प्यात आहे. त्याच्या अंगावर राहिला तो फक्त फोन. आणि फोन त्या दिवसापासून बंद आहे."

"मग?"

"मग त्या दिवशी त्याला कुठं काही झालं असेल, तर तो कोण हे कुणाला सांगता येणार होतं?"

मी म्हणालो, कदाचित फोन पडला असेल, कदाचित तो दुसऱ्या गावी गेला असेल, कदाचित काम मिळाले असेल. मी बरेच बोललो. मी आयुष्यात एका दमात एवढे कधी बोललो नसेन. मावशींनी ते अधिकाऱ्याला भाषांतर करून सांगितले नाही.

कर्मचाऱ्याने विचारले, सामान काढले आहे तर भाडे बंद करायचे का?

"नको," मी म्हणालो.

"अरे, रिकामा कप्पा ठेवून काय करणार?" मावशी म्हणाल्या.

"उद्या सकाळी मेसेज आला नाही तर ती काय करेल?"

मी चपला पुन्हा आत ठेवल्या, म्हणजे कप्पा अगदी रिकामा राहू नये. दार लावले. लाल दिवा पुन्हा लागला.

७

अधिकाऱ्याने सांगितलेल्या नदीपलीकडच्या इस्पितळात मावशींना सगळे ओळखत होते. तळघराकडे जाणाऱ्या उतारावर त्यांनी माझ्या कोपराला धरले. लांब्या वरच थांबला. त्या दारातून आत यायची त्याला हिंमत झाली नाही.

एका खोलीत एका माणसाने नोंद वाचून दाखवली. मावशी तशीच्या तशी मराठीत सांगत गेल्या, त्यांचा आवाज कोर्टातल्यासारखा सपाट होता. तारीख दादाच्या विमानाची. पुरुष, परदेशी असावा. रस्ता ओलांडताना मालवाहू गाडीची धडक. जागीच मृत्यू. जवळ कुठलाही कागद नाही. एक फोन, चाकाखाली आलेला, चालू होत नाही. कुणी चौकशीला आले नाही.

"कुणी आलं नाही," त्यांनी पुन्हा सांगितले, या वेळी स्वतःहून.

मग पांढरे कापड थोडे बाजूला झाले. त्यानंतरचे मला लिहिता येत नाही. एवढेच सांगतो की मी तिथे उभा राहून मनातल्या मनात म्हणत होतो, हा वेगळा माणूस आहे, दादाच्या भुवया इतक्या शांत नसतात.

मी कागदावर सही केली नाही. उद्या करतो, म्हणालो. मावशींनी आग्रह धरला नाही. लॉजपर्यंत सोडायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "मी पहिल्या दिवशीच इस्पितळांचं विचारलं होतं तुला."

"हो."

"मलाही वाटलं, हा मुलगा इतकं धरून बसलाय, तर असू दे चार दिवस." त्या जिन्याच्या पायरीवर थांबल्या. "माझं चुकलं की बरोबर होतं, मला ठाऊक नाही. पण उद्या तरी बोल तिच्याशी. तुझ्याऐवजी हे मी बोलू शकत नाही. ते माझं काम नव्हे."

सकाळ झाली. लांब्या कामावर गेला नव्हता. आपल्या खाटेवर भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. आम्ही दोघेही माझ्या फोनकडे पाहत होतो. नेहमीच्या मिनिटाला तिकडे कुठेतरी एका यंत्राने आपले भाडे घेतले असणार, कारण लगेच फोन वाजला.

"आला मेसेज," आई म्हणाली. तिच्या मागे कुकरची शिट्टी झाली. "आज तरी भेटला का तुला?"

"भेटला."

"काय म्हणतो? रागावलाय अजून?"

"नाही."

"मग दे त्याला. मी काही बोलणार नाही लग्नाचं, शप्पथ. नुसता आवाज ऐकते. दे ना."

लांब्याने तोंड फिरवले. आई वाट पाहत होती. तिच्या श्वासाचा आवाज मला अगदी कानाशी येत होता, आणि मी सांगितले नाही तर ती उद्याही अशीच वाट पाहील, परवाही, कप्प्याचे भाडे जात राहील तोवर.

"आई," मी म्हणालो, "ते लॉकरचं भाडं आहे. दादा वारला. निघायचा होता, त्याच दिवशी."